कोनवासा

दादाच्या कामाला टेप लावायचा नाही, हे धाकटीला कुणी शिकवलं नव्हतं. सुताराच्या घरात ते अंगवळणीच पडलं होतं. दादाने कापलेल्या लाकडाला बाबा कधी माप लावत नसत, आणि बाबांच्या लाकडाला दादा. माप लावणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. म्हणून पन्नाशी उलटल्यावर दादाच्या हातून तिचं स्वतःचं घर उभं राहत होतं, तरी ती एकदाही शिडी चढली नव्हती.

घर काटकोनात वळलेलं. छपराची दोन पाखी आतल्या कोपऱ्यात मिळत होती. तिथे उतरणारा तिरका वासा, म्हणजे कोनवासा, दोन्हीकडचं ओझं आणि सगळं पाणी अंगावर घेणार. त्यासाठी बाबांनी एक चांगली खोल, वरून खाली रुंद अशी तुळई बाजूला काढून ठेवली होती. ही आमच्या धाकट्या चिमणीच्या घराला, असं जाताना सांगून गेले होते. मागच्या आठवड्यात दादाच म्हणाला होता, बाबांना तुझ्या डोक्यावर बसवलंय, आता खुशाल घोर.

आतून फळ्या मारायच्या आदल्या दिवशी ती बाबांच्या तुळईला हात लावायला वर चढली.

हात लावला आणि तिथेच थांबला. दोन्ही बाजूंनी येणारे आखूड वासे कोनवाशाला टेकले होते, पण त्यांची टोकं त्याच्या खाली लोंबत होती. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते, तसं तिरक्या कापाचं तोंड मोठं होतं. ते पुरतं टेकायचं तर कोनवासा बाकीच्या वाशांपेक्षा खोल लागतो. एवढं तिला फ्रॉक घालायच्या वयापासून ठाऊक होतं. हा तर बाकीच्यांइतकाच. टेप कशाला हवा, बोटांनाच कळलं.

दादा खाली चहा घेत होता. तिने विचारलं तेव्हा आधी तो हसला, छपराखाली राहायचंय की छपराशी लग्न करायचंय, म्हणाला. मग म्हणाला, उद्या फळ्या लागल्या की कुणाला दिसतंय.

"बाबांची तुळई कुठंय, दादा?"

"माझ्या पोरीच्या घराला लागली. तिचंही छप्पर वळतंच की." कप खाली ठेवून म्हणाला, "तू काय परकी आहेस का, चिमणे? तुला सांगायचंच होतं."

मागितली असती तर भाचीच्या दारापर्यंत तिने स्वतः ओढत नेली असती. त्याने मागितली नाही. वर बाबांचं नाव घेऊन तिला घोरायला सांगितलं.

नवरा म्हणाला, जाऊ दे, सख्खा भाऊ आहे, देईल खालून एखादा टेकू. दादाही लगेच तयार झाला. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या चष्मेवाल्या मिस्त्रीला निरोप धाडला. बाबांच्या वेळेपासून त्याचं आणि तिच्या माहेरचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

सकाळी दादा फळ्या घेऊन आला तेव्हा चष्मेवाला शिडीवर टेप उघडत होता.

"बाहेरचा माणूस माझ्या कामाला माप लावतोय," दादा हळू आवाजात म्हणाला. "मला सांगायचंस. मीच बदलला असता."

"मग दर वेळी वर चढून बघावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि माझे गुडघे दुखतात, दादा."

वरून चष्मेवाल्याने माप सांगितलं. सवयीने दादाचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. तिने हात पुढे केला.

त्याने पेन्सिल दिली. तिने माप फळीवर लिहून घेतलं, पेन्सिल परत केली आणि पुढचं विचारायला मान वर केली. दादा कधी निघून गेला ते तिने पाहिलं नाही.