रिकाम्यावर दोनशे चौदा

...मसुराच्या दाण्याएवढी ढालीची ती खूण, लॅपटॉपच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, पुन्हा लाल झाली होती. काल संध्याकाळी तिला हिरवी करून, लॅपटॉप बंद करून, भिंतीतली वायरसुद्धा उपसून निरीक्षक उठले होते; तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, इंटरनेट तर त्याला पहिल्यापासून दिलंच नव्हतं — आणि तरीही सकाळी साडेसातला ती लाल. म्हणजे घरात कुणी आलं नाही, घरातून कुणी गेलं नाही, आणि केर मात्र साचला. ‘एकशे एकाहत्तर दोष आढळले. तुमचा संगणक धोक्यात आहे.’ त्यांनी वहीत तारीख घातली, वेळ घातली, आणि आकडा लिहिला. वरच्या ओळीत कालचे दोनशे चौदा होते.

थोडाफार केर आपोआप साचतोच, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. यंत्र सुरू झालं की स्वतःच्या कामासाठी चार चिठ्ठ्याचपाट्या लिहितं, त्या पडून राहतात. तेवढी सूट निरीक्षकांनी मनात धरली होती. कोणताही काटा तंतोतंत नसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनंमापं तपासली होती. पण सूट म्हणजे दहा, फार तर वीस. दीडशेच्या वर सूट देणारा निरीक्षक त्यांनी पाहिला नव्हता... निदान तसा कुणी वहीत सापडला नसता.

बाजारात त्यांना शून्यसाहेब म्हणत. पाठीमागे, अर्थात. इतर निरीक्षक दुकानात शिरले की आधी वजनं मागायचे. हे आधी दोन्ही पारडी रिकामी करायला लावायचे आणि काहीही न ठेवता काट्याकडे बघत राहायचे. काही नसताना काटा काय म्हणतो, हे ज्याला कळलं त्याला पुढचं निम्मं कळलं, अशी त्यांची पद्धत होती. नंतर मखमलीच्या पेटीतलं प्रमाण वजन ठेवायचं आणि काटा खरं बोलतो का ते बघायचं. एवढंच शास्त्र. गल्लीच्या तोंडाशी ते दिसले की निरोप आतपर्यंत पोचायचा — शून्यसाहेब आले, पारडी पुसा.

आणि आता निवृत्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर हे नवं पारडं घरातल्या टेबलावर येऊन बसलं होतं.

झालं होतं ते साधंच. वाचनालयाच्या समितीची बैठक होती. वाचकांसाठी ठेवलेले सात कम्प्युटर मंद झाले होते. कुणी परीक्षेचे अर्ज भरतं, कुणी परगावच्या मुलांची पत्रं वाचतं, सगळ्यांची खाजगी माहिती त्यावर. ते साफ ठेवणारं आणि व्हायरसपासून राखणारं काहीतरी बसवायला हवं होतं. चिटणीस म्हणाले, साहेबांच्या लेकीचीच कंपनी असलं सॉफ्टवेअर करते, ती तिथे तपासणीची प्रमुख आहे, तिच्या सहीशिवाय ते बाहेर पडत नाही. साहेबांनी विश्वासार्ह आहे म्हणून दोन ओळी लिहून दिल्या की आपण डोळे मिटून बसवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. निरीक्षकांची छाती तेव्हा किती फुगली होती! तिथल्या तिथे, चहाच्या कपाखालच्या कागदावर लिहून दिलं असतं... पण हाताला सवय नव्हती. तपासून देतो, म्हणाले. चिटणीस हसले — लेकीचं काम, त्यात काय तपासायचंय? आज संध्याकाळी पाचला पत्र हवं होतं.

म्हणून त्यांनी जुना लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडून पुसून घेतला, कोरा करकरीत. रिकामं पारडं. लेकीने पंधरा दिवसांपूर्वीच, न मागता, पेनड्राइव्हवर आणून दिलेलं सॉफ्टवेअर त्यावर बसवलं. कोऱ्या यंत्रावर दोनशे चौदा दोष. ‘साफ करा’ दाबलं, शून्य. आणि आज एकशे एकाहत्तर.

प्रमाण वजन अजून ठेवायचं होतं. दुरुस्तीवाल्याने तेही दिलं होतं, एका छोट्या फाइलमध्ये. ह्यात विष नाही साहेब, तो म्हणाला होता, नुसती विषाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. पण राखणदार म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हिला बघून भुंकायचं असं ह्या धंद्यात सगळ्यांनी ठरवलेलं आहे. निरीक्षकांना ते फार आवडलं होतं. त्यांनी ती फाइल पडद्याच्या मधोमध ठेवली आणि तपासणी सुरू केली. निळं वर्तुळ फिरत राहिलं. ते हात मांडीवर ठेवून बसले — आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात म्हणतोय, भुंक... भुंक बाई एकदा. अशी प्रार्थना त्यांनी कुठल्याही दुकानदारासाठी केली नव्हती.

एकशे अडुसष्ट दोष, सकाळपेक्षा तीन कमीच. त्यांनी यादी खालपर्यंत ओढून पाहिली, मग पुन्हा वरपर्यंत. ती फाइल त्यात नव्हती. घरभर केर शोधणाऱ्याने दारात उभ्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं.

“अहो, पोरीची परीक्षा घेताय की काय?” बायको मटार सोलायचं ताट घेऊन समोर येऊन बसली होती.

“यंत्राची घेतोय.”

“यंत्र तिच्याच सहीने बाहेर पडतं ना?” ती म्हणाली, आणि एक शेंग मोडली. “मग लॅपटॉप कशाला, तिलाच बसवा पारड्यात. लहानपणी बसायचीच.”

बसायची खरी. चार-पाच वर्षांची असताना, मखमली पेटी उघडली की ही हजर. कंपासपेटी वजन कर, बाहुली वजन कर, मला कर. हट्ट असा की आधी रिकामं दाखवा. मी फसणार नाही, म्हणायची. बाबा, आधी रिकामं... हे सगळं आपणच तिच्या डोक्यात घातलं आणि तिने ते कुठे ठेवून दिलं? कोणत्या पायरीवर विसरली? की विसरली नाही, गिळलं? मी नुसतं यंत्र तपासतोय, मी काही तिला — पण नाही, बायकोचं बरोबर होतं. यंत्राला सही करता येत नाही.

एकदा वाटलं, लिहून टाकावं. दोन ओळींनी कुणाचं काय बिघडतं? ढाल लाल होईल, वाचक बटण दाबेल, ती हिरवी होईल, त्याला बरं वाटेल. मग ती दारात उभी राहिलेली फाइल आठवली. उद्या खरी येईल तेव्हाही ढाल हिरवीच असेल, आणि त्या हिरव्यावर भरवसा ठेवून कुणी म्हातारा आपलं सगळं टाइप करत बसेल... साहेबांनी लिहून दिलंय म्हणून.

दांडी ज्या धारेवर डुलते ती धार झिजली की काटा खोटं बोलू लागतो. — हे कुठून आलं? त्यांनी चष्मा काढला. ती बाई आठवणीत आली होती. दर काही वर्षांनी यायची तशी, आगाऊ न कळवता. गावाच्या टोकाचं दुकान, नवरा त्याच वर्षी गेलेला, डाळी-साखरेच्या चार गोण्या आणि झिजलेल्या धारेचा तराजू. किलोमागे सात ग्रॅम कमी. तिने विनवणी केली नाही, रडली नाही. नुसती उभी राहून तळहाताने पारडं पुसत राहिली, पुसलेलंच पुन्हा. तराजू जप्त केला असता तर कारागीर यायला दोन महिने, तोवर दुकान बंद. महिन्याभरात धार लावून घ्या, ते म्हणाले, आणि त्यांनी तराजूतल्या शिशाच्या बिल्ल्यावर, काटा खरा असल्याचा, सरकारी शिक्का ठोकला. वहीत लिहिलं — ठीक. पुन्हा बघायला ते गेलेच नाहीत; चार महिन्यांत त्यांची बदली झाली. दया केली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि बरीच वर्षं ते पुरलं होतं. पण दया आपल्या पदरची करावी. ती त्यांनी त्या गल्लीतल्या प्रत्येक पिशवीतून सात-सात ग्रॅम काढून केली होती. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. समोर मटार सोलणाऱ्या बाईलाही नाही.

लेक तीनला आली. सुट्टीचा दिवस, केस नुकते धुतलेले, चप्पल काढता काढताच आईशी कशावरून तरी हुज्जत. मग ती टेबलाशी आली आणि वही उघडी होती. त्यांनी मिटली नाही. तिने उभ्याउभ्या वाचलं, बोट आकड्यांवरून फिरवत — लहानपणी वाचायची तसंच.

“रिकाम्यावर चालवलंत.”

“हं.”

“मला वाटलंच होतं.”

“वाटलं होतं तर मग आणून दिलंस कशाला?”

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने वहीच्या कोपऱ्याची घडी घातली आणि उलगडली. “कुणीतरी चालवून बघावं म्हणून,” ती म्हणाली.

मग ती सांगत गेली, सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचा अहवाल वाचावा तशी. ह्या आवृत्तीत मोजणीचा भाग बदलला होता. काही न सापडलं तरी सॉफ्टवेअर यंत्राचेच निरुपद्रवी तुकडे पुन्हा पुन्हा दोष म्हणून मोजत होतं. आणि व्हायरस ओळखण्याचा भाग अर्धवट होता, पुढच्या आवृत्तीत पुरा करू म्हणत होते. तिने लिहून दिलं की हे बाहेर जाऊ नये. वरिष्ठ म्हणाले, माणसं घाबरल्याशिवाय साफसफाई करत नाहीत, आपण त्यांच्या भल्यासाठीच घाबरवतो. तिने पुन्हा लिहून दिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद पुढे सरकवला. तिच्या हाताखाली नऊ जण होते, आवृत्ती अडली तर त्यांचा गट मोडणार होता, त्यातली एक आठ महिन्यांची गरोदर. तिने सही केली.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बंद झाला.

“एक महिना देते, असं मी स्वतःला सांगितलं,” ती म्हणाली. “महिन्यात ते नीट करून घेईन.”

निरीक्षक तिच्याकडे बघत राहिले. सकाळपासून ज्याला घाबरत होते ते हे नव्हतं. पारडी पुसणाऱ्या, अंगठा दाबणाऱ्या, हसून चहा मागवणाऱ्या त्या शेकडो दुकानदारांपैकी एकाचा चेहरा लेकीच्या चेहऱ्यात दिसेल, ही त्यांची धास्ती होती. तो कुठेच नव्हता. तिथे होता तो त्यांना आरशात माहीत असलेला होता... आणि त्यांना हलकं वाटलं. छातीवरून काही उचललं जावं तसं, खरोखरचं हलकं. इतक्या वर्षांनी कुणीतरी सोबतीला आलं म्हणून. लेक ज्यात रुतली त्यात बापाला सोबत वाटावी — ते स्वतःच्या त्या सुखाकडे पाहून मनातून दचकले, पण ते सुख काही गेलं नाही.

चिटणिसांच्या पत्राचा कोरा कागद वहीखाली होता. तिला ते पत्राचं माहीत होतं. आईने फोनवर सांगितलं असणार. तुम्ही खरं तेच लिहा, ती म्हणाली, माझा विचार करू नका. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. मग तिने मान वर केली. डोळे कोरडे होते, आणि त्यांत तो जुना, पेटीसमोर उकिडवं बसलेल्या पोरीचा पक्का भरवसा होता.

“तुम्ही नसता मारला ना शिक्का, बाबा. कधीच.”

हा प्रश्न नव्हता. नाही म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवली असती, उठून चहाचं बघितलं असतं, तरी भागलं असतं, आणि ती उद्या कामावर जाताना तो भरवसा काठीसारखा धरून गेली असती. काठी होती, हे खरं. ती आपण काढून घेणार का, की तिच्या हातातली काठी आतून पोकळ आहे हे न सांगता तिला तिच्यावर रेलू देणार? त्यांनी तोंड उघडलं. एक दुकान होतं, असं सुरू करता आलं असतं, किंवा, तुझा तेव्हा जन्म व्हायचा होता... ते नुसते गप्प राहिले, आणि उत्तराला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गप्प राहिले.

ते तिच्या लक्षात आलं. आधी भुवया जवळ आल्या, मग ओठ थोडे विलग झाले. चेहरा हळूहळू बदलत होता — रागाकडे, कीवेकडे, की आणखी कुठे, ते त्यांना ओळखता येईना. पण तो बदल थांबवावा असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी नजर खाली घेतली नाही. तिला बघू दिलं.