बारा पट्ट्यांचं अंगण

"ती गाडी आत आणलीस ना, तर चाक काढून गटारात फेकीन!"

वॉकरला धरून सिस्टर दारात उभ्या होत्या. उभ्या कसल्या, सगळा भार डाव्या पायावर देऊन टेकल्या होत्या. पण आवाज धडधाकट होता. पेव्हर ब्लॉकनी भरलेली हातगाडी फाटकातच थोपवून फरशीवाल्याने मागे वळून त्यांच्या मुलाकडे पाहिलं.

"आण रे तू. काम मी दिलंय," मुलगा म्हणाला.

"आणि घर कोणाचं?"

"घर तुझंच आहे गं आई. पाय मात्र एकच धड राहिलाय."

सिस्टरांनी चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळला होता. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे, आणि जरा वचकूनच असे. एकेकाळी मोठमोठे डॉक्टर त्यांच्यापुढे आवाज उतरवत. तिथे फरशीवाला तो काय! नवरा घर बांधून झालं त्याच वर्षी गेला. मागे उरल्या दोन खोल्या, एक मुलगा आणि हे पुढचं अंगण.

अंगणाची त्यांची एक रीत होती. मनाशीच त्याच्या बारा पट्ट्या पाडलेल्या. रोज सकाळी स्टूल घ्यायचं, खुरपं घ्यायचं, एका पट्टीशी बसायचं आणि अर्ध्या तासात उठायचं. तेराव्या दिवशी पुन्हा पहिली पट्टी. वॉर्डातही त्या असंच करत, एकेक खाट धरून. शेजारचे लोक महिनोन्‌महिने ढुंकून बघत नसत आणि मग एका रविवारी कंबर मोडेस्तोवर राबत. त्यांना बघून सिस्टर नाक मुरडत. "कष्ट वाचवायचे म्हणून सगळे मेले मरमर कष्ट करतात," असं त्यांचं म्हणणं.

आता दोन महिने पट्ट्यांना हात लागला नव्हता. खुब्याचं हाड मोडल्यापासून गवत गुडघ्याएवढं माजलं होतं.

"बघ काय अवस्था झालीय!" मुलाने हात फिरवला. "तण उपटायला वाकलीस म्हणून पडलीस. ब्लॉक टाकले की तण नाही, पाणी नाही, वाकणं नाही. मनात आलं तर झाडू मारायचा, नाही आलं तर नाही."

"मग मी दिवसभर काय करू? ब्लॉक मोजू?"

"नाहीतर चल माझ्याकडे."

"तुझ्या चौथ्या मजल्यावर? कुंडी ठेवायला कोपरा नाही त्या घरात, मला कुठे ठेवशील?"

"मग ब्लॉक. दोनातलं एक ठरव."

"म्हणजे कोंडून घालू की पुरून टाकू, एवढंच विचारतोयस!"

"आई, तुला माणसाशी नीट बोलताच येत नाही का?"

"नीट बोलायला समोर माणूस नीट लागतो!"

मायलेकांची ही जुगलबंदी ऐकत फरशीवाला हातगाडी फाटकातच ठेवून टेप घेऊन आत शिरला होता. नुसतं उभं राहण्यापेक्षा माप तरी होईल. मधल्या पायवाटेशी त्याने गवत बाजूला सारलं आणि खाली वाकला.

"साहेब, ही नळी बघा. खुंटी तुटलीय. हा एवढा फास वर आलाय, बरोबर चालायच्या जागी." त्याने नळी उचलून दाखवली. "सिस्टर, तुम्ही इथंच पडलात ना? आमचे सासरे असेच पडले होते, नळीत पाय अडकून."

मुलाचा चेहरा उतरला. ती ठिबकची नळी त्यानेच आणली होती. आईला बादली उचलायला नको म्हणून एक अख्खा रविवार उन्हात बसून, स्वतःच्या हाताने एकेक खुंटी ठोकली होती. टायमर लावून लहान मुलासारखा टाळ्या पिटत म्हणाला होता, "बघ, आता तू नुसती बस!"

"आई?" तो म्हणाला. आवाजात मघाचा चढेलपणा नव्हता.

सिस्टरांच्या हाती आयतं हत्यार आलं होतं. खुरप्याने त्यांना कधीच पाडलं नव्हतं, पाडलं होतं ते याच नळीने. एक 'हो' म्हटलं की झालं. मुलगा मान खाली घालून गाडी परत पाठवणार, अंगण जिथल्या तिथे.

पण त्यांना वॉर्डातला तो माणूस आठवला. त्याच्या हातून त्याच्याच आईला औषध दुप्पट गेलं होतं. म्हातारी वाचली, चालत घरी गेली. तो मात्र पुढे कितीतरी महिने वॉर्डाच्या दारात येऊन उभा राही. "सिस्टर, माझ्यामुळेच ना?" असं विचारी आणि उत्तर न घेताच निघून जाई. आणि हा आपला वेडा एकोणीस दिवस हॉस्पिटलात उशाशी बसला होता, न लाजता बेडपॅन उचलत होता, वर त्यांच्या शिव्याही खात होता.

"छे! नळीचं काय घेऊन बसलाय हा!" सिस्टर कडाडल्या. "तिकडे भिंतीशी तण उपटत होते, तोल गेला. शंभरदा सांगून झालंय. कान आहेत की नुसती भोकं?"

मुलाने श्वास सोडला. "मग मी दुसरं काय म्हणत होतो? पण तुला ऐकायचंच नसतं! हट्ट, नुसता हट्ट!"

तो पुन्हा तावातावाने बोलू लागला, आणि सिस्टरांना बरं वाटलं.

फरशीवाल्याने भिंतीकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. मग नळी गुंडाळून त्याने मुकाट्याने फाटकाबाहेर टाकली. "मग सिस्टर, आणू गाडी?"

"आण. खांबासारखा उभा काय राहिलास? आणि उतार फाटकाकडे दे, नाहीतर सगळं पाणी घरात येईल."

दुपारपर्यंत गवत खरवडून झालं, माती दाबली, वर दगडाची बारीक कच पसरली. बारा पट्ट्यांची आता एकच करडी पट्टी झाली होती. मुलगा फोनवर बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता.

फरशीवाल्याने दोरीचा गुंडा काढला. "पहिली ओळ लावायचीय. कोणी टोक धरलं असतं तर..."

वॉकर बाजूला सारून सिस्टर हळूहळू पायरीवर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"ओढून धरा हं. ढिली पडली की ओळ वाकडी जाते."

"मला शिकवू नकोस."

त्यांनी दोरी बोटांना दोनदा गुंडाळली. त्याने पहिला ब्लॉक मांडला आणि वरून हातोड्याने ठोकला. दोरी थरथरली; सिस्टरांनी ती तेवढीच ताणून धरली.