उजव्या हाताचा घास

"मॅडम, चचा का हाथ आज खुल ही नहीं रहा," मैत्रेयी पडद्याआडून बाहेर येत म्हणाली.

वासंती परचुरेंनी खुर्चीतून उठताना कमरेला हात लावला. दिवसभर लोकांच्या कंबरा सरळ करणाऱ्या बाईची स्वतःची कंबर कामातून गेली होती आणि ती कुणाला दाखवायला त्यांना सवड नव्हती. मे महिना होता. लाइट गेली होती, त्यामुळे कूलरही बंद. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा सकाळपासून रेंगाळत चालली होती.

"घाबरलेत ते. घाबरलं की हात आखडतोच. निदान तू तरी घाबरू नकोस."

"मैं तो घबराऊँगी ही, मॅडम. पापा ने कल फिर सुनाया है."

मैत्रेयीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. वडील वायुसेनेत, बख्शी का तालाबच्या हवाई तळावर. आता त्यांची बदली जोधपूरला झाली होती. याच परीक्षेत ती मागच्या खेपेला नापास झाली होती, आणि या वेळी गचकलीस तर पदवी-बिदवी पुरे, सामान बांध आणि आमच्याबरोबर चल, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. मुलगी चांगली होती. तिच्यासारखी विद्यार्थिनी वासंतीबाईंना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती.

आत तिचा परीक्षेचा पेशंट बसला होता. शफीक चचा, जुन्या शहरातल्या चौक मोहल्ल्यात राहणारे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. आधीच्या बॅचने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांना डाव्या हाताने, चमच्याने जेवायला शिकवलं, केसपेपरवर 'स्वावलंबी' असा शेरा मारला आणि सगळे खूश झाले. चचा मात्र महिन्यागणिक वाळत चालले होते.

वासंतीबाई आठवड्यातून एक तास 'पेशंट आणि त्याचं घर' म्हणून घेत. त्यावर परीक्षेत काही येत नसे, म्हणून मुलं मागच्या बाकांवर निवांत डुलक्या काढत. हल्ली बोलता बोलता बाईंनाही स्वतःचाच कंटाळा येई. पण म्हणणं तेच असायचं, की हा हात किती उचलला जातो ते मागाहून मोजा, हा हात आजवर काय करत आला ते आधी विचारा. मैत्रेयीने ते मनावर घेतलं आणि एका दुपारी ती जेवणाच्या वेळेला चौकात चचांच्या घरी गेली.

"मॅडम, वो दीवार की तरफ़ मुँह करके खाते हैं," परत आल्यावर तिने सांगितलं होतं. "अकेले. पोते बुलाते हैं तो कहते हैं, भूख नहीं है."

ज्या हाताने शौचाचं करायचं, तो हात घरच्यांच्या पंगतीत तोंडाशी कसा न्यायचा? हे बोलून दाखवायचीही चचांना लाज वाटत होती. सांगलीला वासंतीबाईंच्या आईने डाव्या हाताने साधं मीठसुद्धा कधी वाढलं नव्हतं.

मग हिवाळाभर दोघी त्या उजव्या हाताच्या मागे लागल्या. चचांना खाली सतरंजीवर बसवायचं, डाव्या तळव्याचा आधार उजव्या मनगटाला द्यायचा, चचीने रोटी आधीच तोडून ठेवायची. एकेका घासाला युगं लागत. पण ईदला चचा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरख्वानावर नातवंडांच्या मधोमध बसले. अर्धा पुलाव कुर्त्यावर सांडला, तरी दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले ते नव्या नवरदेवासारखे लाजत.

परीक्षक बाहेरगावचे होते. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळची गाडी पकडायची होती, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि अजून निम्मी मुलं बाकी होती.

"पेशंट को खिलाकर दिखाइए," ते म्हणाले.

मैत्रेयीने खिचडीची वाटी पुढे ठेवली. चचांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून उचललं. बोटं आवळलेलीच राहिली आणि खिचडी मांडीवर पडली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"बायाँ हाथ तो अच्छा है इनका. उससे क्यों नहीं?"

"सर, ये बाएँ हाथ से नहीं खाते. घर में सबके साथ बैठकर..."

"अपने आप खा सकते हैं या नहीं? मुझे बस यह लिखना है."

वासंतीबाई मध्ये पडल्या. "सर, यह इनके लिए छोटी बात नहीं है. इसे मैंने ही ऐसा सिखाया है."

"आपकी बात ठीक होगी, मॅडम. लेकिन शीट में इसके नंबर नहीं हैं. ऐसे तो मैं पास नहीं कर पाऊँगा."

मैत्रेयी खाली बसून चचांच्या मांडीवरची शितं गोळा करू लागली. चचा तिच्या वाकलेल्या डोक्याकडे थोडा वेळ बघत राहिले.

"बिटिया, चम्मच देना."

"नहीं, चचा."

"दे दो."

त्यांनी चमचा डाव्या हातात घेतला. आधीच्या बॅचने शिकवलेलं ते विसरले नव्हते. "साहब, सिखाया तो इसने सब है," ते परीक्षकांना म्हणाले. "ज़िद मेरी थी."

वासंतीबाईंनी एक शब्द काढला असता तर ते थांबले असते. त्यांनी तो काढला नाही, कारण मुलगी पास व्हायला हवी होती. त्यांनी मैत्रेयीला खांद्याला धरून उठवलं, भिंतीकडे वळवलं आणि स्वतःही तिच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाठीमागे चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत राहिला. वाटी संपायला फार वेळ लागला नाही.

"बहुत अच्छे," परीक्षक म्हणाले. "यही तो देखना था." शीटवर आकडे टाकून ते पुढच्या पडद्याआड गेले.

चचांनी चमचा खाली ठेवला आणि ते वासंतीबाईंकडे वळले. "डॉक्टर साहिबा, घर में ज़िक्र न कीजिएगा."

"नहीं, चचा."

वासंतीबाई स्टुलावर बसल्या. मैत्रेयी पास झाल्याचा आनंद कुठेतरी असेल, पण त्यांना फक्त लाज वाटत होती आणि फार थकवा आला होता.

रोजचा सराव संपला की मैत्रेयी चचांचे हात धुऊन देई. आजही ती पाण्याचा जग आणि रिकामं भांडं घेऊन आली. चचांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि भांड्यावर धरला. त्या हाताने आज एकही घास तोंडापर्यंत नेला नव्हता. मैत्रेयीने त्याच्यावर पाणी घातलं आणि एकेक बोट उलगडून नीट धुतलं. सकाळपासून आवळलेली बोटं आता सुटत होती.