ढब्बू राजपुत्र नव्हता

साळुंकीच्या लाकडाच्या वखारीत एक अस्वल कामाला होतं आणि ते बोलायचं. आजूबाजूच्या लोकांना त्याचं काही नवल उरलं नव्हतं. साळुंकी लहान असताना ओंडक्यांच्या गाडीत तिला ते पिल्लू सापडलं होतं. तिच्या तोंडाला दिवसभर खळ नसे, म्हणून तर तिला सगळे साळुंकी म्हणत. तिचं ऐकून ऐकून पिल्लूही बोलायला लागलं. "हिच्याजवळ दगड ठेवला असता तरी बोलला असता," असं तिचे वडील म्हणायचे. दोघं एकत्र वाढली, एकत्र भांडली. वडील गेल्यावर वखार साळुंकीकडे आली. तोवर पिल्लाचा चांगला दांडगा ढब्बू झाला होता. तो पाच जणांचं ओझं एकटा उचलायचा आणि गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवून ठेवायचा. हिवाळाभर मात्र मागच्या शेडमध्ये ढाराढूर झोपायचा.

ही गोष्ट फिरत फिरत राजवाड्यातल्या मांत्रिकाच्या कानावर गेली आणि माशी शिंकली.

राणीसाहेबांचा मुलगा काही वर्षांपूर्वी न सांगता नाहीसा झाला होता. मांत्रिकाने आकाश-पाताळ एक केलं, पण पत्ता लागेना. तो तडक वखारीत आला आणि ढब्बूला बघून त्याने टाळीच वाजवली.

"बोलणारं अस्वल! म्हणजे शापित राजपुत्रच!"

"अहो बुवा, माझी आई अस्वल होती," ढब्बू म्हणाला. "बापही अस्वल."

"शापामुळे तुला तसं वाटतंय."

"मला तर मी चांगला ठणठणीत वाटतोय."

"तेही शापामुळेच!"

दुसऱ्या दिवशी खुद्द राणीसाहेब आल्या. लाकडाच्या भुशात, एका फळकुटावर बसल्या. त्यांनी ढब्बूचा पंजा हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसत्या कुरवाळत राहिल्या. ढब्बूने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचे डोळे पाहून मिटून घेतलं. "परवा चौकात तुझा शाप उतरवू," एवढंच बोलून त्या गेल्या.

संध्याकाळी वखारीचं दार लावताना साळुंकी म्हणाली, "हो म्हणून टाक."

"काय?"

"अरे, जन्मभर ओंडकेच उचलणार आहेस का? तिथे मऊ गादी मिळेल, हवा तेवढा मध मिळेल. आणि त्या माउलीलाही बरं वाटेल."

"आणि तू?"

"माझं काय? माझं मी बघेन." हे बोलताना तिने कडी तीनदा लावली आणि तीनदा काढली.

ढब्बू चिडला. "तुला मी नकोसा झालोय का?"

"वेड्या, तू हवा आहेस म्हणून तर सांगतेय! तुझं भलं व्हायची वेळ आली आणि मीच आडवी आले, तर मी कसली मैत्रीण?"

"भलं माझं होणार की त्या राजपुत्राचं, ते आधी ठरव," असं म्हणून तो रागाने मागच्या शेडमध्ये जाऊन झोपला. साळुंकी त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प बसली.

ठरल्या दिवशी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांत्रिकाने राजपुत्राचा जुना झगा ढब्बूच्या खांद्यावर टाकला, मंत्र म्हटले आणि घागरभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. ढब्बूने अंग झाडलं तशी पुढची रांग भिजली. बाकी काही झालं नाही. लोक हसायला लागले.

मांत्रिक घाईघाईने म्हणाला, "शाप चिवट आहे! याने फक्त 'मी राजपुत्र आहे' असं म्हणावं. मग रूप बदलो न बदलो, राज्य त्याला राजपुत्र मानेल."

राणीसाहेब पुढे झाल्या. "म्हण ना, बाळा."

ढब्बूने गर्दीत साळुंकीला शोधलं. तिने मान हलवली नाही, खूणही केली नाही. निर्णय त्याचा होता.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "मी हो म्हटलं तर तुम्ही आजपासून त्याला शोधायचं थांबवाल. तो कुठेतरी असला, तर त्याच्या वाटेत मी बसलेला असेन. मी अस्वल आहे. मला त्याची लाजही नाही आणि दुःखही नाही. तुमचा मुलगा दुसरा आहे."

राणीसाहेबांच्या डोळ्यांना धार लागली. ढब्बू झगा काढून परत द्यायला गेला आणि मध्येच थांबला. त्याने झगा नाकाशी धरला, पुन्हा हुंगला.

"थांबा. हा वास मला माहीत आहे. डोंगराकडून आमच्याकडे ज्या लाकडाच्या गाड्या येतात, त्यांचे दोर याच वासाचा माणूस बांधतो. गाठी मीच सोडतो ना!"

साळुंकीने त्याच पावली गाडी जुंपली. राणीसाहेब लवाजमा मागे ठेवून गाडीत बसल्या, ढब्बू वास घेत पुढे चालला. वाटेत साळुंकीने त्यांना वखारीचा सगळा इतिहास ऐकवला आणि कितीतरी दिवसांनी राणीसाहेब हसल्या.

डोंगरातल्या लाकूडतोड्यांच्या तळावर राजपुत्र सापडला. दाढी वाढलेली, हाताला घट्टे पडलेले. त्याला शाप वगैरे काही नव्हता. राज्य नको होतं आणि आईला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तो निघून आला होता.

"राज्य नको होतं तर नको म्हणायचं होतंस!" राणीसाहेब कडाडल्या. "धाकटी बहीण आहे की तुझी, तुझ्यापेक्षा हुशार!" आणि मग त्याला पोटाशी धरून रडल्या.

पुढे गादी बहिणीला मिळाली. राजपुत्र डोंगरातच राहिला, पण दर महिन्याला आईला भेटायला जाऊ लागला. मांत्रिकाने मंत्र सोडले आणि तो दातदुखीची औषधं विकू लागला. ती मात्र खरंच लागू पडायची.

त्या दिवशी डोंगरातून परतताना साळुंकीने विचारलं होतं, "खरं सांग, एकदाही माणूस व्हावंसं नाही वाटलं?"

"क्षणभर वाटलं," ढब्बू म्हणाला. "मग आठवलं, माणसं हिवाळ्यातसुद्धा कामाला जातात."