विजेत्याचं नाव सांगू नका

ज्येष्ठातली संध्याकाळ म्हटली की मला आधी वास येतो तो कूलरमध्ये भिजलेल्या वाळ्याचा, मग दिसतं कडुनिंबावरून उतरत चाललेलं पिवळट ऊन, आणि त्या उन्हात, दोरीवर टॉवेल फेकून झाल्यावरही हवेतच राहिलेला भाऊचा उजवा हात. मनगट पुढे वाकलेलं, बोटं सैल. हातून सुटलेली वस्तू जिथे जायची तिथे पोहोचेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, असा कुठला तरी जुना नियम ते मनगट पाळत असे. बास्केटबॉल खेळलेल्या माणसाचा हात असाच थांबतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

भाऊ, माझा थोरला भाऊ, उमरखेडच्या कोर्टात वकिली करायचा. उंची अशी की प्रत्येक दारातून जाताना मान लववावी लागे, आणि जन्मभर लववून ती मान तशीच किंचित झुकलेली राहिली. अनोळखी माणसाला वाटे, हा आपलं म्हणणं फार मन लावून ऐकतो आहे. खरं म्हणजे तो ऐकतही असे. अमरावतीला कॉलेजात असताना तो खेळला, परतल्यावर इथे त्याला ना मैदान मिळालं ना सवंगडी, आणि मग तो खेळ त्याच्या अंगातून उतरून डोळ्यांत जाऊन बसला. अमेरिकेतली बास्केटबॉलची व्यावसायिक स्पर्धा तो वर्षानुवर्षं पाहत आला. तिचा इतिहास तो एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीसारखा सांगे: बोस्टनचं सलग आठ वर्षं न ढळलेलं राज्य; शिकागोची तीन विजेतेपदं, मध्ये खंड, पुन्हा तीन; क्लीव्हलँड नावाचं अर्धं शतक उपाशी राहिलेलं शहर आणि हरता हरता त्याच्या हाती लागलेला चषक; सीमेपलीकडच्या टोरांटोनं एकदाच नेलेला मुकुट. पण विजेत्यांची नावं घेताना त्याचा आवाज सपाट असे. तो हलायचा पराभूतांपाशी येऊन. खाऱ्या सरोवराकाठचं ते शहर लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या पायरीवर शिकागोकडून कोसळलं, हे सांगताना तो हमखास थांबे. सामना संपला की कॅमेरे जिंकलेल्यांकडे धावत, कागदांचे रंगीत तुकडे उडत, आणि भाऊ पडद्याच्या कोपऱ्यात बाकावर बसलेल्या, डोक्यावरून टॉवेल ओढून घेतलेल्या माणसाला शोधत राही.

ते अंतिम सामने आपल्याकडे उजाडताना दाखवतात. त्या वेळी वारा सुटून लाइट गेलेली असे, नाहीतर कोर्टाच्या कामाची घाई असे. म्हणून भाऊ संध्याकाळचं पुनःप्रक्षेपण पाही. पुढे घरात इन्व्हर्टर आला, वकिलीही कमी झाली, तरी संध्याकाळ सुटली नाही. आणि त्यातून आमच्या घराचा एक आचार तयार झाला: सामन्याच्या दिवशी सांजेपर्यंत विजेत्याचं नाव भाऊसमोर काढायचं नाही. वर्तमानपत्राचं शेवटचं पान वहिनी दुमडून गादीखाली ठेवी. शेजारचे गजाननराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, पहाटेच मोबाइलवर निकाल पाहून घेत आणि कुंपणापाशी येऊन उभे राहत.

"वकीलसाहेब, सांगून देऊ का?"

"गजाननराव, जीभ आवरा. नाहीतर फुलसावंगीच्या शेताच्या धुऱ्याची तुमची केस सोडून देईन."

"सोडा ना बाप्पा! तसेही बारा वर्सं तारखाच घेऊन राह्यले तुम्ही."

दोघं हसत. पण आचार पाळूनही भाऊला निकाल बहुधा कळलेलाच असे. तो आमच्या तोंडांकडे पाही. त्याच्या मनातला संघ हरला असेल त्या दिवशी वहिनी चहात साखर जास्त घाली, गजाननरावांचं हसू एक पायरी वर चढे, आणि मी पुस्तकातून डोकं काढत नसे. "तुम्ही लोक," तो म्हणे, "साक्षीदार म्हणून अगदी कुचकामी."

गेल्या वर्षी चैत्रात त्याला गिळायला त्रास होऊ लागला. नागपूरहून रिपोर्ट आला तेव्हा तो आत झोपला होता. ओसरीत आम्ही तिघांनी तो कागद वाचला आणि ठरवलं की त्याला सांगायचं नाही. इतक्या वर्षांचा सराव होता, वाटलं, जमेल. भाऊ बाहेर आला, खुर्चीत बसला, गजाननराव कसला तरी विनोद सांगून मोठ्यानं हसले, वहिनी घासलेली भांडी पुन्हा घासायला निघाली. त्यानं एकेक चेहरा सावकाश पाहिला. मग वाकलेली मान आणखी थोडी वाकवून म्हणाला, "हरलो म्हणायचं."

अंगणात एक कावळा पाण्याच्या टाकीच्या कडेवर चोच घासत होता, तेवढाच आवाज.

त्यानंतरचे दिवस वाढत्या उन्हाचे होते आणि तो त्या उन्हात लाकडासारखा वाळत गेला. खांद्यांची रुंदी तेवढी राहिली, त्यांवरचं मांस गेलं. आवाज गेला, कुजबूज उरली. ज्येष्ठात पावसानं ओढ दिली, शेतकरी बियाण्याच्या थैल्या घरात ठेवून आभाळाकडे पाहत होते, आणि तिकडे अमेरिकेत दोन संघ बरोबरीत येऊन सातव्या, शेवटच्या सामन्याला उभे होते. दोघांपैकी कुणाच्याही बाजूचा तो नव्हता. "पाहीन," एवढंच म्हणाला. सामन्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर येऊन गेले आणि जाताना ओसरीत हलक्या आवाजात म्हणाले, उद्याची संध्याकाळ अवघड आहे.

सकाळी गजाननराव कुंपणापाशी थांबले नाहीत. थेट आत आले.

"ताई, सामना होऊन गेला. सांगून द्या त्याइले. संध्याकाळ कोनं पाह्यली?" आणि मी काही म्हणण्याआधीच त्यांनी विजेत्याचं नाव माझ्या कानाशी उच्चारलं.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "सांगा वन्सं," ती म्हणाली. "यांचा जीव त्यात अडकून राह्यलाय. मोकळा होऊ द्या."

मी नाव घेऊन आत गेले. भाऊची नजर छताला होती. माझी पावलं ऐकून त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"सुमे," तो पुटपुटला, "समोर नको येऊ. उशाशी बस."

"भाऊ, मी सांगू..."

"नाही. संध्याकाळी. तुझं तोंड दिसलं की संपलं."

मी त्याच्या डोक्यामागे बसले. तिथून दिसत होते विरळ झालेले केस, कपाळाचा उतार, आणि पांघरुणाखालून वर-खाली होणारा श्वास. जगातला सगळा निकाल लागून गेला होता, डॉक्टरांचाही आणि अमेरिकेतलाही. आणि त्या एका खोलीत एक मरणारा माणूस काही तरी अजून व्हायचं आहे एवढ्या आधारावर तग धरून होता. ते आधाराचं लाकूड माझ्या हातानं काढून घ्यायला माझं मन धजेना. मी केसांवरून हात फिरवत राहिले. ऊन खिडकीतून भिंतीवर आलं, भिंतीवरून फरशीवर उतरलं. दुपारी त्यानं एकदा विचारलं, "संध्याकाळ झाली?"

"नाही रे. ऊन आहे अजून."

त्याला ते बरं वाटलं असावं. नंतर तो बोलला नाही. कूलरची घरघर अशी अखंड चालली होती की तिच्याखालून श्वासाचा आवाज कधी निघून गेला, हे मला कळलं नाही. वहिनी पाण्याची वाटी घेऊन दारात आली, पलंगाच्या पायथ्याशी थांबली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं. मला जे कळलं ते तिच्या चेहऱ्यावरून.

उन्हं अजून कलली नव्हती. आम्ही त्याला नेलं तेव्हा सांज झाली होती, आणि कुठल्या तरी घरात तो सामना पुन्हा सुरू झाला असेल.

आता ते नाव जगजाहीर आहे. विजेत्यांच्या ओळीत ते कायमचं जाऊन बसलं. गजाननराव अजूनही कधी कधी म्हणतात की सांगून द्यायला पाहिजे होतं, वहिनी काहीच म्हणत नाही, आणि मला दोघांचंही पटतं. आठवणीत भाऊचा चेहरा आणू पाहते तेव्हा त्या दुपारचा चेहरा मला सापडत नाही, कारण तो मी पाहिलाच नाही. गेलेल्या माणसाचा काळ थांबतो म्हणतात. पण थांबलेली मीच आहे, ज्याच्यापासून ते नाव जपायचं तो माणूस उरलेला नसतानाही ते ओठांआड धरून, कधी न होणाऱ्या एका संध्याकाळची वाट पाहत.