मक्याखालची बरसीम आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे आणि रडगाणं गायला बसलेली नाही. कीव करायची असेल, तर दुसरीकडे जा.

बोईसरच्या लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला ठोकून काढलं. बुधाने सागाची मूठ बसवली आणि मला आपल्या बायकोच्या, जमुनाच्या, हातात दिलं. मग काय विचारता! भातात, नाचणीत, मिरचीत, माझ्यापुढे गवताची डाळ शिजली नाही. पाड्यातल्या बायका मला उसनी मागायच्या आणि मी तोऱ्यात जायचे.

पुढे बुधा कंपनीत लागला आणि सालवडला राहू लागला. शेत जमुनावर पडलं. एकदा चिंचणीच्या तबेल्याजवळ तिने म्हशींसाठी पेरलेली बरसीम पाहिली. तीन-तीन पानांचा मऊ चारा, पण भर उन्हात त्याखालची माती ओली होती! तिने बी आणलं आणि हिवाळी मका गुडघ्याएवढा झाल्यावर ओळींच्या मधोमध फेकलं. शेत हिरवंगार झालं. बरसीमखाली तण उगवेना, म्हणून मला घराच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलं.

आमच्याकडे सावड असते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. जमुना बुधाला भेटायला गेली असताना शेजारणींना तिचं शेत दिसलं. "बिचारी एकटी, गवत माजलं," म्हणत त्या मायेनेच आत उतरल्या. वडीलधाऱ्या गोजराबाईने तर मलाच कुडातून उपसलं. जमुना परतली, तेव्हा निम्म्या शेतातली बरसीम बांधावर पडली होती.

ती धावत आली आणि उरलेल्या ओळीत फतकल मारून बसली.

"ह्ये गवत नाय, काकी. मी पेरलंय. आता आदी मला उपटा."

"पिकात चारा राखतेस? लोक हसतील!"

"हसू देत."

गोजराबाईचा चेहरा उतरला, मग तापला. "आमच्या हाताला नाय म्हनतेस? मग भाताच्या लावनीला तुज्या शेतात कोन येल?"

"नका येऊ. पन मी तुमच्या लावनीला येनार. सावड मी मोडलेली नाय."

बायका निघून गेल्या. जमुनाने मला बांधावरून उचललं. एकटीने लावणी करायची म्हणजे अर्धं शेत पडीक राहणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

उन्हं तापली. साफ केलेल्या ओळींत भेगा पडल्या, मका करपला. बरसीमच्या ओळी तगल्या. कणसं जरा बारीकच आली, पण आली. जमुनाने कुणालाही बोलावून दाखवलं नाही.

आषाढात ती न बोलावता गोजराबाईच्या लावणीला गेली. दिवसभर कुणी तिच्याशी बोललं नाही. तिने वाट्याची रोपं लावली आणि ताठ मानेने घरी आली.

जमुनाच्या लावणीच्या सकाळी मात्र सगळ्याजणी आल्या. पुढे गोजराबाई होती. चिखलात पाय टाकण्याआधी ती बांधावर थांबली.

"जमुने, उतरू का?"

मित्रांनो, यंदाही मक्याखाली बरसीम आहे आणि मी कुडात बिनकामाची गंजते आहे. खुशाल गंजू द्या! मला तेल नको, धार नको. पण मला घेऊन कुणाच्या शेतात शिरायचं असेल, तर आधी एवढं विचारायला शिका.