डोक्यातला साहेब आणि तापलेलं खापर

खोटारडे आहात तुम्ही, साहेब. नुसते खोटारडे नाही, भित्रेसुद्धा. माझ्या डोक्यात फुकट राहता, भाडं नाही, लाइटबिल नाही, आणि वर माझ्यावरच हुकूम सोडता. तेही शुद्ध भाषेत, नाकातून. मी पिंपळनेरचा, घरात अहिराणी. माझ्या डोक्यात ही भाषा घेऊन तुम्ही शिरलात कुठून?

चौदा वर्षं मी धुळ्याच्या एका कॉलेजात कारकुनी केली. प्राचार्यांच्या केबिनबाहेरचं टेबल माझं. जीव मात्र रमायचा आईच्या चुलीपाशी. घरात बहीण नाही, म्हणून आईनं मांडे मलाच शिकवले. पुरण भरलेला मऊ उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पालथ्या, तापल्या खापरावर टाकायचा. बायकांचं काम. हे वाक्य तुमचंच, साहेब.

अभिमननाना लग्नातल्या जेवणाचे ठेके घेतात. म्हणाले, "योगेंद्र, माझ्याकडे कायमचा ये. पण लग्नं काय रविवार बघून लागत नाहीत, नोकरी सोडावी लागेल. पाचोऱ्याचं एक लग्न करून बघ, आणि पंगत उठली की हो का नाही ते सांग."

झालं, तुम्ही सुरू. पक्की नोकरी सोडतोस? या वयात? मिशीवाला माणूस खापरापुढे? प्राचार्य काय म्हणतील? हे बायकोला, दिपमालाला, सांगितलं तर ती म्हणाली, "प्राचार्य येतात का आपल्याकडे भांडी घासायला?"

ताप आल्याचं खोटं सांगून रजा टाकली आणि आईला घेऊन पाचोऱ्याला गेलो. माणकचंदशेठच्या नातीचं लग्न. हल्ली चूल मांडवामागे नसते, पाहुण्यांच्या नाकासमोर असते. वर पाटी: 'लाइव्ह मांडे'. मेलेले मांडे कुठे मिळतात, ते विचारायचं राहून गेलं.

पहिला मांडा हातावर घेतला आणि तुम्ही बोललात, 'फाटणार.' फाटला. पुरण चुलीत, धूर डोळ्यांत, आणि मोबाइल धरून उभी असलेली पोरं खिदळली. 'मी सांगितलंच होतं!' काय खूश झालात हो तुम्ही!

आई शेजारी बसून उंडे भरत होती. "कोनसंगे बोली राह्यना रे मनमां?"

"कोणाशी नाही."

"त्याले सांग, खापर तपेल शे. तुले मांडा टाकता येस तं ये, नही तं ऊठ आठून."

मी दुसरा उंडा उचलला आणि मनात म्हटलं, घ्या साहेब, खापर तापलंय, येत असेल तर तुम्हीच टाका, नाहीतर उठा इथून.

तुम्ही गप्प. तुम्हाला मांडा येतच नाही! आणि कॉलेजातली कारकुनी तरी तुम्ही कुठे करत होतात? तीही मीच. मग तुम्हाला येतं काय?

दुसरा मांडा खापरावर गेला, रुमालासारखा अलगद पसरला. तिसरा गेला. पोरांनी मोबाइल खाली घेऊन ताटं पुढे केली.

आणि ताट धरून समोर उभे कोण? आमचे प्राचार्य. तुम्ही किंचाळलात, 'संपलं! पळ!' पळू कसा? दोन्ही हातांवर मांडा होता. त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"भाऊ, जरा खरपूस द्या. तुम्ही इथलेच का?"

ज्यांना रोज सकाळी खुर्चीतून उठून नमस्कार घातला, ते विचारत होते.

"नाही सर. धुळ्याचा."

"अरे वा! आम्हीही धुळ्याचेच." दुसऱ्यांदा आले, तूप मागून घेतलं, तरी ओळखलं नाही.

पंगत उठली. अभिमननाना जवळ आले. "काय मग?"

"हो," मी म्हणालो. तुम्हाला न विचारता.

आता मुक्ताईनगरचं लग्न धरलंय. खापर गाडीत चढलंय, आई पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवतेय, आणि तुम्ही पुन्हा घसा खाकरताय. थांबा. आधी एवढं सांगा. ज्याच्या भीतीनं मला त्या टेबलाला बांधून ठेवलंत, त्याला माझं तोंडसुद्धा माहीत नव्हतं. मग इतकी वर्षं मी लाजत होतो ते नेमकं कोणाला? नाव सांगा, साहेब. गाडी सुटायच्या आत.